गोणीतली जुनी हत्यारं: घासण्याआधी वाचून घ्या

प्रश्न थोडक्यात असा. दारव्ह्याच्या आठवडी बाजारात भंगारवाल्याकडून तुम्ही एक गोणी किलोच्या भावाने उचलली. तीत एक लोखंडी रंधा, दोन पटाश्या, एक हातकरवत, एक जाड पाना, कड्यांची लांब साखळी आणि लाकूड तासायचा एक वासला निघाला. ही हत्यारं किती जुनी, कुणी बनवली, हे कसं ओळखायचं? आणि ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावून चकचकीत करू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुम्ही लिहिलंय की ब्रश आणून ठेवलाय. तो परत करा.

माझ्या हातून एक करवत मेली आहे. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायला लागून चार-पाच वर्षं झाली होती. हिंगणघाटच्या बाजारात एक लांब करवत मिळाली, मूठ सुंदर कोरलेली. घरी आणली, ड्रिलला तारेचा ब्रश लावला आणि अर्ध्या तासात पातं आरशासारखं केलं. दुसऱ्या दिवशी तेल लावताना उन्हात पातं तिरपं झालं, तेव्हा मुठीजवळ एका अक्षराची अर्धी वेलांटी दिसली. बस, तेवढीच. जुन्या करवतीवर कारखान्याचं नाव बहुधा ठोकलेलं नसायचं, तेजाबाने कोरलेलं असायचं, आणि ते कागदाच्या जाडीएवढंही खोल नसतं. गंज काढताना मी नावही काढलं होतं. करवत अजून भिंतीवर आहे. कुणाची, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

म्हणून आधी वाचायचं, मग साफ करायचं. माती सुक्या ब्रशने झाडा, दात घासायचा जुना ब्रश चालतो. मग एका पसरट डब्यात रॉकेल किंवा डिझेल घेऊन हत्यार दोन-चार दिवस बुडवून ठेवा, आणि जाड सुती फडक्याने पुसा. चिंच, लिंबू, बॅटरीचं पाणी यांच्या वाटेला जाऊ नका. गंज जातो खरा, पण खाली देवीच्या व्रणासारखे खड्डे उरतात आणि ठशाच्या कडा विरघळतात. पुसून झाल्यावर रात्री खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च लोखंडाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. दिवसा न दिसणारी अक्षरं सावलीने उठून येतात. तरी नाही दिसली तर खडूची भुकटी बोटाने चोळा, किंवा वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. करवतीसाठी मात्र सपाट लाकडी ठोकळ्याला बारीक पाण्याचा पॉलिश पेपर गुंडाळून, रॉकेल लावत, पात्याच्या लांबीच्या दिशेनेच हलके हात मारायचे. वरचा गंज जातो, कोरलेल्या जागेतला काळेपणा राहतो, आणि नाव उमटतं.

हे होईपर्यंत दुसरं काम करा: भंगारवाल्याला परत गाठा आणि गोणी कुठून आली ते विचारा. चहा पाजावा लागला तरी पाजा. हे काम लोक टाळतात आणि मग इंटरनेटवर रात्री घालवतात. आपल्याकडे जुनं विलायती हत्यार आभाळातून पडत नाही. ते बहुतेक वेळा रेल्वेतून, जिनिंग-प्रेसिंगमधून, गिरणीतून, छावणीतून किंवा सरकारी खात्यातून येतं. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. बंगाल नागपूर रेल्वे कंपनी १८८७ ची. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली. कामठीची छावणी त्याहून जुनी, १८२१ ची. आणि कापसाच्या पट्ट्यात गावोगाव जिन होते, त्यांच्यासोबत ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कंपन्यांची यंत्रं आली आणि यंत्रांसोबत पाने आले. जिन बंद पडला की फिटर पाने घरी न्यायचा, फिटर गेला की नातू भंगारात द्यायचा. तुमच्या दारव्ह्यावरून तर शकुंतला जायची. मूर्तिजापूर-यवतमाळची ती अरुंद रेल्वे खासगी मालकीची होती, पण चालवायची जीआयपीच. त्यामुळे दारव्ह्याच्या गोणीत रेल्वेचं लोखंड निघालं तर मला नवल वाटत नाही.

आता वय ठरवण्याची रीत. नवखा माणूस विचारतो, हे किती सालचं? मी मुलांना उलटं विचारायला सांगायचो: हे कोणत्या सालाच्या आधीचं असूच शकत नाही? याचं उत्तर बरेचदा पक्कं मिळतं. हत्यारावर ‘आयटीआय’ ठोकलेलं असेल तर ते आयटीआयच्या मालकीचं झालं १९५० नंतर, कारण ही प्रशिक्षण योजनाच तेव्हाची. आयएसआयचा शिक्का असेल तर १९५५ च्या आधीचं नाही. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ च्या आधीचं नाही. डब्यावरच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२ नंतरचं. नुसत्या मिलिमीटरची पट्टी किंवा पाना आपल्याकडच्या कारखान्याचा असेल तर १९५६ च्या मेट्रिक कायद्यानंतरचा धरायला हरकत नाही. मोजपट्टीवर ‘रेबोन’ आणि ‘चेस्टरमन’ ही दोन नावं जोडून आली असतील तर १९६३ किंवा नंतरची, कारण त्याआधी बर्मिंगहॅमचे रेबोन आणि शेफिल्डचे चेस्टरमन वेगळे होते. देशाचं नाव मालावर दिसायला लागलं ते १८८७ च्या ब्रिटिश आणि १८८९ च्या आपल्याकडच्या कायद्यानंतर. पण देशाचं नाव नाही म्हणून हत्यार त्याआधीचं, असं उलटं अनुमान काढू नका. नाव गंजात गेलेलं असू शकतं, किंवा आपल्याच गल्लीतल्या कारागिराने ते कधी घातलेलंच नसतं.

आता तुमचा रंधा. फोटोत तो चौदा इंच लांब दिसतो, पातं दोन इंचाचं. म्हणजे पाच नंबर, ज्याला आपल्याकडे सुतार जॅक रंधा म्हणतात. पुढच्या टोकाला बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ‘बेली’ ओतलेलं आहे. हा लिओनार्ड बेली नावाचा अमेरिकन, त्याचे हक्क स्टॅनले कंपनीने १८६९ साली घेतले. पातं काढून पाहिल्यावर खालच्या बिडात पेटंटच्या तीन तारखा दिसतात, असं तुम्ही लिहिलंय: दोन १९०२ च्या आणि शेवटची १९ एप्रिल १९१०. तुम्ही त्यावरून रंधा १९०२ चा धरला. इथेच सगळे फसतात. पेटंटची तारीख म्हणजे कल्पना नोंदवल्याची तारीख. रंधा त्यातल्या शेवटच्या तारखेच्या आधी ओतलेला असू शकत नाही, नंतर कितीही. तीन तारखा आणि पुढची मूठ बसकी गोल, ही जोडी साधारण १९१० ते १९१८ या काळातली. पुढच्या काळात मूठ उंच झाली. तुमची बसकीच आहे, आणि शिसमासारखी काळसर आहे, म्हणजे मूळचीच असावी.

पण वरचं झाकण पाहा, पातं दाबून धरणारं. त्यात स्क्रूसाठी जे भोक आहे ते घेवड्याच्या दाण्यासारखं वाकडं आहे. स्टॅनलेने हा आकार १९३३ पासून आणला, त्याआधी भोक कुलपाच्या चावीच्या भोकासारखं असायचं. आणि पात्यावर ‘मेड इन इंग्लंड’ आहे. स्टॅनलेने शेफिल्डला बस्तान मांडलं ते १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात. म्हणजे तुमचा रंधा तीन काळांचा आहे. बीड पहिल्या महायुद्धाच्या आसपासचं, झाकण दुसऱ्या महायुद्धाच्या थोडं आधीचं किंवा नंतरचं, पातं त्याहून पुढचं, आणि मागची मूठ आपल्या सागाची, कुणीतरी गावातच बसवलेली. संग्राहक याला खिचडी म्हणून नाक मुरडतील. मला मात्र असाच रंधा आवडतो. एका सुताराकडे तो पन्नास-साठ वर्षं चालला असेल, जे मोडलं ते बदललं. झाकण मोडलं म्हणून दुसऱ्या रंध्याचं लावलं, पातं घासून संपलं म्हणून नागपूरहून नवं आणलं.

जाता जाता एक. रंध्यावर ‘०५’ असा शून्यासहित नंबर असता तर तो स्टॅनले नव्हे, शेफिल्डच्या रेकॉर्डचा, आणि १९३१ च्या आधीचा नाही. हा घोटाळा फार होतो.

पटाश्या दोन. पहिलीवर ‘कास्ट स्टील’ आणि शेजारी तीन पानांचा ठसा. तुम्ही लिहिलंय की भंगारवाला म्हणाला, बिडाची आहे, मोडेल. बिडाची पटाशी कुणी करत नाही हो. ‘कास्ट स्टील’ म्हणजे मुशीत वितळवून ओतलेलं पोलाद. १७४० च्या दशकात शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने ही रीत बसवली, आणि पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षं चांगल्या धारेचं पोलाद म्हणजे तेच. विजेच्या भट्ट्या आल्यावर हळूहळू ते मागे पडलं, पण काही कारखाने सवयीने ठसा मारत राहिले. त्यामुळे नुसत्या या दोन शब्दांवर साल लावू नका. तीन पानांचा ठसा शॅमरॉकचा, तो शेफिल्डच्या विल्यम मार्पल्स यांचा. ती पटाशी जपा. पोलाद चांगलं आहे, धार लावली की सागात लोण्यासारखी जाईल.

दुसरीवर नाव नाही. पण फोटो मोठा करून पाहिला तर पाठीवर तिरप्या बारीक रेघांची जाळी आहे, घासून जवळजवळ गेलेली. ते कानशीचे दात. झिजलेली कानस लोहाराने तापवून पटाशी केली आहे. आपल्याकडे हे सर्रास चालायचं आणि अजून चालतं, कारण कानशीचं पोलाद धार छान धरतं. तिचं वय काढायला जाऊ नका.

दोन्हींच्या मुठींवर ‘रा. ना.’ अशी अक्षरं आहेत. ती मालकाची. कारखान्याचा ठसा एका घावात पडतो, अक्षरं सरळ ओळीत आणि सारख्या खोलीची असतात. मालक एकेक अक्षर पंचने ठोकतो, म्हणून एक वर, एक खाली, एक जास्त खोल. देवनागरी असेल तर प्रश्नच नाही. पण हा ‘रा. ना.’ दारव्हा परिसरातला वाढई, म्हणजे सुतार, असेल तर त्याचं घर सापडू शकतं. आपल्याकडे अजूनही गावात वाढ्याचं घर विचारलं की कुणीही बोट दाखवतं.

करवतीबद्दल फार लिहीत नाही. मुठीच्या पितळी बिल्ल्यावर गरुड आणि ‘वॉरंटेड सुपीरियर’ आहे. ते कंपनीचं नाव नाही, ‘उत्तम हमी’ एवढाच अर्थ. तयार बिल्ले विकत मिळायचे आणि अनेक कारखाने स्वस्त करवतींना तेच लावायचे. पात्यावरचं कोरीव नाव सापडलं तर पुढे बोलू. नाही सापडलं तर ती चांगली जुनी करवत, एवढंच.

आता पाना. माझ्या मते गोणीतली सगळ्यात बोलकी वस्तू हीच. त्याच्या एका तोंडाजवळ ‘१/२ डब्ल्यू’ असं आहे, आणि दांड्यावर जीआयपीची तीन इंग्रजी अक्षरं. तुम्ही गोंधळलात, कारण अर्धा इंच लिहिलेलं तोंड तुमच्या कॅलिपरवर साडेतेवीस मिलिमीटर भरलं. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, मग हे दुप्पट कसं?

‘डब्ल्यू’ म्हणजे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचं मानक मांडलं, आणि त्या पद्धतीत पान्यावर लिहितात तो नटाच्या कडांमधला आकार नव्हे, बोल्टच्या दांड्याचा व्यास. अर्ध्या इंचाच्या बोल्टचा षटकोनी नट बराच मोठा असतो. म्हणून पान्यावर अर्धा लिहून तोंड एक इंचाच्या जवळ. आपल्या मेट्रिक पान्यावर मात्र तोंडाचंच माप लिहितात, त्याने आजचे फिटर जुन्या पान्याला चुकीचा पाना म्हणून फेकतात.

खरी गंमत पुढे आहे. व्हिटवर्थच्या मूळ मापात अर्ध्या इंची बोल्टचा नट सुमारे ०.९२ इंचाचा, म्हणजे २३.४ मिलिमीटर. दुसऱ्या महायुद्धात लोखंड वाचवायला इंग्रजांनी नट एकेक पायरी लहान केले, तोच अर्ध्याचा नट ०.८२ इंचाचा, म्हणजे २०.८ मिलिमीटर झाला. पुढे तेच कायम राहिलं. तुमचा पाना साडेतेवीसचा आहे, म्हणजे तो जुन्या मापाचा. शिवाय जीआयपीची अक्षरं. ती कंपनी १९२५ साली सरकारकडे गेली, नाव मात्र राहिलं, आणि १९५१ साली मध्य रेल्वे झाली. पाना १९५१ च्या आधी रेल्वेच्या मालकीचा होता आणि माप युद्धाच्या आधीचं आहे. जुन्या यंत्रांसाठी जुन्या मापाचे पाने नंतरही घडवले जात असणार, म्हणून मी शपथ घेणार नाही. पण काळ सांगायचाच झाला तर १९४० च्या आधीचा सांगेन.

पान्यावर बाण दिसतो का, हेही पाहा. तीन रेघांचा, कावळ्याच्या पावलासारखा. तो असेल तर ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण, त्याच्या दोन बाजूंना ‘डब्ल्यू’ आणि ‘डी’ असतील तर युद्धखात्याची. कामठी किंवा पुलगावच्या बाजूला मला असे हातोडे, कुदळी पुष्कळ मिळाल्या. लोक त्याला नक्षी समजतात.

साखळी. ती लांब पसरवून टेपने मोजा, हातात धरून अंदाज करू नका, कारण कड्या वाकलेल्या असतात. ही जमीन मोजायची साखळी आहे, आणि लांबी कळली की ती कुठल्या खात्याची हे जवळजवळ कळतं. ६६ फूट भरली आणि शंभर कड्या असल्या, प्रत्येक कडी ७.९२ इंचांची, तर ती एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाच्या सतराव्या शतकातल्या पद्धतीची. तिच्या दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, त्यामुळे एकराचे शतांश करायला सोपी. नागपूर-चांद्याकडे जुने कागद एकर-डिसमलचे (डिसमल म्हणजे एकराचा शंभरावा भाग) असतात ते यामुळेच. ३३ फूट भरली तर ती गुंठ्यांची, कारण ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. वऱ्हाडची मोजणी मुंबई इलाख्याच्या पद्धतीने झाली. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला तो १९०३ साली, तोवर मोजणीची घडी बसलेली होती. दारव्ह्यात ३३ फुटी निघाली तर ती तिथलीच समजा. आणि बरोबर १०० फूट भरली, एकेक कडी एक फुटाची, तर ती तलाठ्याची नव्हे, इंजिनियरची. रेल्वे, रस्ते, तलाव. दर दहा कड्यांना जो पितळी बिल्ला लोंबतो त्याला दाते किती आहेत तेही पाहा. मध्यभागाचा बिल्ला गोल असतो, बाकीच्यांचे दाते टोकापासून एक, दोन, तीन, चार असे वाढतात. बिल्ले गळाले असतील तर माणसांनी दागिन्यात घातले असं समजा. मला एकदा एका म्हशीच्या गळ्यात सापडला होता.

वासला शेवटी ठेवला, कारण त्यावर काही लिहिलेलं नाही आणि म्हणून तो सगळ्यात अवघड. इंटरनेट इथे संपतं. शेफिल्डच्या कारखान्यांची माहिती ग्रेसेस गाइडसारख्या संकेतस्थळावर बसल्या जागी मिळते, पण दारव्हा तालुक्यातल्या लोहाराची यादी कुणी केलेली नाही.

आधी पाठ पाहा. जाडी सगळीकडे अगदी सारखी, हलका बाक, आणि एखादं बुजवलेलं भोक दिसलं तर तो ट्रकच्या कमानपाट्यापासून केलेला. मोटारी येण्याआधीचा नाही, बहुतेक तर पन्नास-साठ वर्षांतला. जाडी असमान, नेढ्याकडे (दांडा बसतो त्या भोकाकडे) जाड आणि धारेकडे उतरती असेल तर तो घडवत आणलेला. मग धारेपासून बोटभर वर, दोन्ही अंगांना, बारीक पॉलिश पेपर मारून ओला करा. कधी कधी एक वाकडी रेघ दिसते, खाली करडं, वर फिकट. वरचं नरम लोखंड आणि खाली जोडलेला पोलादाचा पट्टा. पूर्वी पोलाद महाग, म्हणून फक्त धारेपुरतं. आणि नेढ्याजवळ गंजाने लोखंड सोललं गेलं असेल तिथे भिंगाने पाहा. लाकडासारखे रेषे दिसले तर ते घडीव लोखंड, आजच्या सळईचं नव्हे.

असा एक वासला घेऊन मी आर्वीच्या बाजूला एका म्हाताऱ्या लोहाराकडे गेलो होतो. त्यांनी तो हातात घेतला, ऐरणीवर हलकाच टण्‌ केला, कानाशी नेला. म्हणाले, “हे पाट्याचं नोय भाऊ. जुनं लोखंड हाय. याले तापवलं का रेषे सुटते, मंग बोरॅक्स टाकून पुन्हा ठोकाव लागते.” मी विचारलं, कुणाच्या हातचं? त्यांनी नेढ्याच्या आतल्या बाजूला बोट घातलं, मी जिथे कधी पाहिलं नव्हतं. आत दोन टिंबं आणि एक चंद्रकोर ठोकलेली होती. “हे आमच्याच घराण्यातलं. माह्या आज्याची निशाणी.” मग वय काढायला वेळ लागला नाही, आजोबा कधी गेले ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तुम्हीही नेढ्यातला दांडा काढून आत टॉर्च मारा. आणि पाच-सात गावांच्या परिघात जितके लोहार अजून भाता चालवतात, गाडी लोहारांचा तळ पडला असेल तर तेही, त्यांना दाखवा. वखराच्या पासा शेवटायला, म्हणजे पात्यांना धार काढून घ्यायला, गर्दी होते त्या दिवसांत जाऊ नका, तेव्हा कुणी बोलणार नाही. दिवाळीनंतर जा.

दांड्यावरून मात्र वय काढू नका. बाभळीचा असो की धावड्याचा, दांडा दर काही वर्षांनी बदलतो. उपयोग एवढाच की विलायती हत्याराला बीच किंवा बॉक्सवूडची मूठ शिल्लक असेल तर ती मूळची असण्याची शक्यता मोठी.

पेटंट नंबर मिळाला तर एक किल्ली लक्षात ठेवा. ब्रिटिश पेटंटांचे नंबर १९१६ पर्यंत दर वर्षी पुन्हा एकापासून सुरू व्हायचे, म्हणून सोबत साल नसेल तर नुसत्या नंबराचा उपयोग थोडा. १९१६ पासून १,००,००१ पासून सलग मालिका सुरू झाली, त्यामुळे सहा आकडी नंबर दिसला की त्याच्या नंतरचं. ‘आर डी’ किंवा ‘रजिस्टर्ड डिझाइन’ असं लिहून नंबर असेल तर ती मालिका १८८४ ला एकापासून सुरू झाली. आणि गावात कोणता जिन, कोणती गिरणी होती ते पाहायला १९०६ ते १९११ च्या दरम्यान निघालेली जिल्हा गॅझेटियर उघडा. वर्ध्याचं १९०६ चं, यवतमाळचं १९०८ चं. हत्यारांबद्दल त्यात काही नाही, पण हत्यार त्या गावात कसं पोचलं ते कळतं. नागपूरला गेलात तर इतवारीच्या लोहाओळीत जुन्या दुकानदारांशी बसा. हत्यारांच्या पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं दुकानाचं लेबल त्यांच्यातला एखादा म्हातारा लगेच ओळखतो.

एक कायद्याची गोष्ट. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकते. तुम्ही घरात ठेवा, वापरा, कुणी अडवणार नाही. पण परदेशी गिऱ्हाईक मिळालं म्हणून पार्सल करू नका, आणि परवान्याशिवाय अशा वस्तूंचा धंदा मांडू नका. आणि वखरताना शेतात लोखंड लागलं तर गोष्ट वेगळी. नागपूरभोवती माहुरझरी, जुनापाणी, नैकुंड इथे दगडांच्या वर्तुळांखाली लोहयुगातली हत्यारं निघाली आहेत. आडव्या पट्ट्या बांधलेल्या चपट्या कुऱ्हाडी तर विदर्भाची ओळखच. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टीही सापडली. अशा जागेवर काही लागलं तर रॉकेलही लावू नका, उचलूही नका, जागेचा फोटो घ्या आणि तहसीलला कळवा. जमिनीत पुरलेल्या ठेव्यासाठी १८७८ पासूनचा कायदा आहे. हे पाहायचंच असेल तर नागपूरला १८६३ चं आपलं अजबबंगल्याचं संग्रहालय आहे.

किंमत विचारलीत. रंधा, पटाशी, पाना यांच्यात दुर्मिळ काहीच नाही, अशी हत्यारं लाखोंनी बनली. पण मार्पल्सची पटाशी आजच्या बाजारातल्या नव्या पटाशीपेक्षा धार जास्त टिकवेल, आणि रंध्याचा तळ सपाट निघाला तर तो आणखी दोन पिढ्या चालेल. विकायचंच असेल तर साखळी आधी विकू नका. पूर्ण बिल्ल्यांसह ती क्वचित मिळते.

आता पान्याकडे परत. तुमच्या चौथ्या फोटोत जीआयपीच्या पुढे आणखी दोन अक्षरं किंवा आकडे आहेत, गंजाच्या खपलीखाली. ती खाते किंवा स्टेशनची खूण असू शकते. ती वाचता आली तर पाना मूर्तिजापूरच्या शेडमधला की आणखी कुठला, हे कळण्याची आशा आहे. पाना आठ दिवस रॉकेलमध्ये राहू द्या, खपली नखाने निघाली तर काढा, नाही निघाली तर पुन्हा बुडवा. मग रात्री टॉर्च आडवी धरून फोटो काढा, वरून फ्लॅश मारून नको, आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा.